तांब्याचा हातोडा

क्लबमध्ये नवीन कुणी आलं की माझी ओळख अजून अशीच करून देतात: याच्यामुळे आपल्या प्रेसिडेंटच्या गाडीचं चाक निघालं होतं, पण पोरगा गुणी आहे. सगळे हसतात. मीही हसतो. चाळिशी ओलांडलेला पोरगा. चाक माझ्या चुकीने निघालं नव्हतं. आणि ते निघणार हे त्या दिवशी फक्त मला माहीत होतं, हेही खरं आहे.

क्लब जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांचा. दोनच सीट, कापडी छप्पर, बसलं की बूड रस्त्याला लागेल की काय असं वाटावं इतकी ठेंगणी गाडी. महिन्यातून एका रविवारी ही मंडळी गाड्या धुऊनपुसून बाहेर काढतात, सिडनीच्या बाहेर पन्नास-साठ मैल जातात, कुठल्यातरी गावात चहा आणि स्कोन म्हणजे जॅम-क्रीम लावलेले छोटे पाव घेतात आणि परत येतात. याला रॅली म्हणतात. शर्यत वगैरे काही नसते. प्रत्येक गाडीत एक जण चालवतो आणि दुसरा रस्ता सांगतो. रस्ता सांगणाऱ्याच्या हातात एक वही देतात. तिच्यात शब्द कमी आणि चित्रं जास्त: टिंब म्हणजे आपण, बाण म्हणजे जायचं कुठे. मी नववीत शाळा सोडलेला माणूस. या देशात आल्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत मला कळलेला छापील कागद तोच.

त्याआधी मी मिरजेला गॅरेजात वीस वर्षं काढली होती. इथे पश्चिम सिडनीतल्या ब्लॅकटाउनच्या गॅरेजात सगळं काम कॉम्प्युटर लावून चालतं, पण जुन्या गाडीला कॉम्प्युटर लावणार कुठे? तिथे माझी वीस वर्षं कामाला आली. दोन कार्बोरेटर असले की रबरी नळीचं एक टोक कानाला लावायचं, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं, आणि दोघांचा सुस्कारा सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. माझा मालक स्वतः त्या क्लबचा मेंबर. त्याने एकदा चार मित्रांना हे बघायला बोलावलं आणि तेव्हापासून मी क्लबचा झालो. रॅलीच्या सकाळी निघण्याआधी प्रत्येक गाडी तपासून कागदावर सही करायची, हे काम माझ्याकडे आलं. नववी नापासाची सही. मला त्याचा किती अभिमान होता, हे आता सांगायलाही लाज वाटते.

मग साथ आली. पहिल्या लॉकडाउनात पगार चालू राहावेत म्हणून सरकारने मदत दिली ती इथल्या लोकांना. आमच्यासारख्या व्हिसावर आलेल्यांना टीव्हीवरून सांगितलं की जमत नसेल त्यांनी घरी जावं. विमानं तेव्हा बंद होती. मालकाने मला काढलं नाही. दिवसाला एखादी गाडी यायची, तरी तो मला बोलवायचा, दोघं शटर अर्धं उघडून बसायचो.

आणि प्रेसिडेंट. सत्तरी पार केलेला, निवृत्त इंजिनिअर, जन्मभर पूल बांधलेला माणूस. तो उत्तरेकडच्या मोठमोठ्या झाडांच्या सबर्बात राहायचा. पण दर शुक्रवारी आमच्या दारात तांदळाची पिशवी ठेवून, बेल वाजवून, फाटकापर्यंत मागे सरून उभा राहायचा आणि हात हलवायचा. तांदूळ कुठला, तर खिरीचा, जाडा आणि चिकट. बायको म्हणायची, याचा भात म्हणजे खळ आहे नुसती, पण माणसाचं मन बघ. आम्ही ती खळ महिनोन् महिने खाल्ली. पुढच्या वर्षी आई मिरजेला ऑक्सिजनवर होती आणि मी जाऊ शकत नव्हतो, कारण गेलो असतो तर परत येता आलं नसतं. तेव्हा तो रोज फोन करायचा. "हाउज मम टुडे?" एवढंच विचारायचा. माझ्या सख्ख्या मावसभावाने दोनदा फोन केला, त्यात एकदा तिकडचा मोबाईल आणशील का म्हणून. आई वाचली. त्या रोजच्या फोनचं मी काय करू, ते मला अजून कळलेलं नाही. ते फोन खोटे नव्हते. गोष्ट नुसती वाईट असती तर सांगायला सोपी होती.

दुसरा लॉकडाउन आमच्यावर जास्त कडक होता. पश्चिम सिडनीत डोक्यावर हेलिकॉप्टर फिरायचं, चौकात सैनिक उभे, आणि बातम्यांत समुद्राकाठचे लोक वाळूत टॉवेल टाकून बसलेले दिसायचे. बायको वृद्धाश्रमात कामाला. तिला जायची परवानगी होती म्हणून ती रोज जायची, आणि आल्यावर अंघोळ होईपर्यंत मुलीला जवळ येऊ द्यायची नाही. त्याच दिवसांत प्रेसिडेंटची बायको गेली. कोविडने नव्हे, हृदयाने. अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी. आमच्या भागातून बाहेर पडायची बंदी, म्हणून मी लॅपटॉपवर बघितलं. तीस-पस्तीस वर्षं त्याच्या शेजारी बसून रस्ता सांगणारी तीच होती.

त्यानंतर त्याने स्वतःला गॅरेजात कोंडून घेतलं. साध्या बोल्टची चाकं काढून त्या जागी सायकलसारख्या तारांची चाकं बसवायचा संच त्याने मागवला. बायकोला ती फार आवडायची, आयुष्यभर पुढच्या वर्षी बसवू म्हणत राहिलो, असं तो फोनवर म्हणाला. नवे हब, म्हणजे चाक ज्यांच्यावर चढतं ते आटे पाडलेले दांडे, नवी चाकं, आणि प्रत्येक चाकाच्या मधोमध दोन कानांचा एकच मोठा नट. हा नट पान्याने आवळत नाहीत, तांब्याच्या हातोड्याने कानावर ठोकून आवळतात. मी दोनदा विचारलं, मोकळीक मिळाली की येऊन बघू का? तो म्हणाला, पूल बांधलेत रे मी.

लॉकडाउन उठला, नोव्हेंबर आला आणि पहिली रॅली ठरली. विंडसरपासून नदीकाठच्या रस्त्याने. आणि प्रेसिडेंटने मला फोन करून विचारलं की त्याच्या शेजारच्या सीटवर बसशील का? मी हो म्हणालो आणि फोन ठेवल्या ठेवल्या बायकोला सांगायला गेलो. हे ऐकून ती खूश झाली, पण तिच्या डोक्यात दुसरं होतं. माझी तीन वर्षं भरली होती. कायमच्या व्हिसासाठी मालकाने नॉमिनेशनवर, म्हणजे हा माणूस मला कायमचा हवा आहे अशा अर्जावर, सही करायची होती आणि प्रेसिडेंट सोबत शिफारशीचं पत्र देणार होता. मालक म्हणायचा, लॉकडाउन संपू दे, बसू. बायको म्हणाली, "नीट वाग हं तिथे. फार शहाणपणा करू नकोस."

रविवारी सकाळी पार्कात गाड्या आल्या. गर्दी नको म्हणून तीन-तीन गाड्या थोड्या-थोड्या वेळाने सोडायच्या असं ठरलं होतं. आमची गाडी शेवटच्या गटात. बाकी सगळ्यांना सह्या देऊन मी प्रेसिडेंटच्या गाडीशी वाकलो आणि तसाच बसून राहिलो.

प्रत्येक नटावर एक बाण कोरलेला असतो आणि बाणाशेजारी शब्द असतो, अनडू, म्हणजे सोडवायचं असेल तर इकडे फिरव. हा बाण गाडी पुढे जाताना चाक जसं फिरतं त्याच दिशेला हवा. इथे चारही चाकांवर तो मागे होता. दोन बाजूंच्या हबचे आटे एकमेकांच्या उलट असतात, म्हणजे इथे डावीकडचे हब उजवीकडे आणि उजवीकडचे डावीकडे बसले होते.

हे मला माहीत होतं, कारण मिरजेला एका डॉक्टरांची तशी गाडी आमच्याकडे यायची. मिस्त्रींनी सांगितलं होतं, बाण पुढे. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मी प्रेसिडेंटला म्हणालो की हे उलटे बसलेत. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, माझ्याच हातातल्या तपासणीच्या कागदामागे एक गोल काढला आणि मला समजावलं: चाक असं पुढे फिरतं. नटही तिकडेच सुटणारा असेल, तर चालता चालता आपोआप सुटेल की नाही? म्हणून बाण मागे हवा. मी म्हणालो, नाही, पुढेच हवा. तो म्हणाला, "व्हाय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मराठीतसुद्धा नव्हतं.

"माय मिस्त्री टोल्ड मी," मी म्हणालो.

आजूबाजूला पाच-सहा जण होते. हसले, पण वाईट हसले नाहीत, लहान मुलाच्या बोलण्याला हसतात तसं. मालकही होता. तो म्हणाला, "ही बिल्ट ब्रिजेस, मेट. आय थिंक ही कॅन मॅनेज अ नट." तशी चाकं असलेली दुसरी एकच गाडी त्या दिवशी आली होती आणि ती पहिल्या गटात निघून गेली होती. दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं.

आता मला कारण माहीत आहे. एका संध्याकाळी फोनवर व्हिडिओ बघून कळलं. चाकाचं भोक हबपेक्षा केसभर मोठं असतं. म्हणून चालताना चाक हबच्या जरासं मागे मागे राहतं आणि ते मागे राहणं नटाला आपल्याबरोबर ओढतं. बाण पुढे असेल तर ती ओढ नट आवळत जाते. मागे असेल तर सोडवत जाते. पाच मिनिटांचा व्हिडिओ. तो आधी बघितला असता तर, असं मला वाटायचं. आता नाही वाटत. मला कारण सांगता आलं असतं तरी मी ते त्याला कितीसं सांगितलं असतं?

कारण त्याने तेव्हा शेजारच्या सीटवर हात ठेवला आणि म्हणाला, आज जाऊ या रे. मी सही केली. गाडी थांबवायची असेल तर सही करायची नाही, एवढंच माझं काम होतं. मी सही केली आणि त्याच गाडीत जाऊन बसलो.

मी मनाशी ठरवलं होतं, की दर दहा मैलांनी थांबवायचं आणि नट ठोकून आवळायचे. पहिल्यांदा म्हणालो, लघवीला. उतरलो, तो पाय मोकळे करायला रस्त्याकडेने लांब गेला तेवढ्यात डिकीतला तांब्याचा हातोडा काढला आणि चारही नट ठोकले. उजवीकडचा मागचा नट खरंच बोटभर फिरला. परत बसलो. वहीतली चित्रं वाचत होतो, डावीकडे, सरळ, पुलावरून उजवीकडे, आणि अर्धा कान मागच्या चाकाकडे. दुसऱ्यांदा म्हणालो, पोट बिघडलंय. तो हसला, रात्री करी खाल्लीस का म्हणाला. तो फेरी मारून येईपर्यंत मी पुन्हा ठोकले. तिसऱ्यांदा आम्ही चहाच्या थांब्यावर होतो, तिथे मात्र लपता आलं नाही. पहिल्या गटातल्या त्या तारांच्या चाकांच्या दुसऱ्या गाडीचा मालक कप हातात घेऊन उभा राहून बघत होता. त्याची भुवई जरा वर गेली, पण काही बोलला नाही.

चौथ्यांदा मी थांबवायला सांगितलं तेव्हा प्रेसिडेंट कंटाळला. "शी नेव्हर स्टॉप्ड अस वन्स," तो म्हणाला. बायकोबद्दल. गाडी त्याने थांबवली नाही. तिच्या जागेवर बसलेलो ना मी.

त्यानंतर सात-आठ मैलांवर नदीलगत रस्ता डावीकडे वळतो. तिथे उजव्या बाजूच्या मागच्या चाकावर सगळा भार आला. आधी टकटक आली, मग गाडीने मागून बसकण मारली. आमचंच चाक आमच्या पुढे पळत जाऊन कुंपणावर आपटलेलं मी पाहिलं. रस्त्यावर ठिणग्या उडत होत्या. गाडी घसरत गवतात गेली आणि एका लाकडी खांबाला टेकून थांबली. वेग कमी होता म्हणून. प्रेसिडेंटचं मनगट मोडलं. मला खरचटलंसुद्धा नाही, आणि ते कुणी विसरलं नाही.

बाकीच्या गाड्या येईपर्यंत मी गवतात शोधत होतो. नट मला सापडला. हातात घेतला, बाण स्पष्ट दिसत होता.

मंडळी जमली, एका नर्स असलेल्या बाईंनी त्याचा हात बांधला. काय झालं, काय झालं. तो तारांच्या चाकांवाला म्हणाला, आणि अगदी सरळपणे म्हणाला, की चहाच्या थांब्यावर मी याला बघितलं, हा नट ठोकत होता आणि पुढच्या दिशेने ठोकत होता. माझ्याकडे वर्षानुवर्षं अशी चाकं आहेत. उजव्या बाजूला पुढे ठोकलं की नट सुटतो.

त्याच्या गाडीत सुटतो, हे खरंच होतं. हब उलटे असल्यामुळे या गाडीत पुढे ठोकलं तरच आवळला जायचा, म्हणून तर मी तसं ठोकत होतो. सगळं एका वाक्यात होतं. नट माझ्या हातात होता. त्या माणसाला बाण दाखवला असता, आणि त्याने समोरच उभ्या असलेल्या आपल्या गाडीचा बाण बघितला असता, तर कुणाला काही सांगायचीही गरज उरली नसती.

प्रेसिडेंट माझ्याकडे बघत होता. चेहरा राखेसारखा. "यू केप्ट स्टॉपिंग अस," तो हळूच म्हणाला. "यू वेअर बॅशिंग इट एव्हरी टाइम?"

मी हो म्हणालो.

त्याला खरंच सगळं समजलं असं वाटलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, सुटका होती. त्याने चांगला हात माझ्या मानेमागे टाकला, मला जवळ ओढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की या पोराला माझी काळजी वाटत होती, काळजीपोटी केलं त्याने, कुणी याला एक शब्द बोलायचा नाही. कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. दोन वर्षं कुणी कुणाला हात लावला नव्हता, आणि हा सत्तरीचा माणूस मोडक्या मनगटाने मला मिठी मारतोय. बायकांचे डोळे ओले झाले.

"थँक यू," मी म्हणालो.

आणि नट खिशात टाकला.

गाडी आमच्याच गॅरेजात आली. मी जेवणाच्या सुट्टीत आणि शनिवारी ती करत होतो. चारही हब काढले आणि डावीकडचे डावीकडे, उजवीकडचे उजवीकडे बसवले. मालक एकदा चहा घेऊन मागे येऊन उभा राहिला. एक हब उचलून त्याने आटे बघितले. तो माणूस मठ्ठ नाही, त्याच्या डोळ्यांत मला दिसलं की त्याला कळलंय. त्याने विचारलं, प्रेसिडेंटला माहीत आहे? मी नाही म्हणालो.

"लीव्ह इट, मेट. ही हॅड अ रफ इयर."

शुक्रवारी त्याने नॉमिनेशनवर सही केली. प्रेसिडेंटचं पत्रही आलं, त्यात माझ्या प्रामाणिकपणाबद्दल एक पूर्ण परिच्छेद होता. मालकाने सही करायची ठरवलीच होती, की त्या चहानंतर ठरवली, हे मला कधी कळणार नाही. मी विचारलं नाही. पुढे कायमचा व्हिसा आला तेव्हा बायकोला सगळं सांगितलं. तिने हातातलं भांडं विसळून ठेवलं. मग म्हणाली, "आता कागद हातात आलाय. आता जाऊन सांग ना. आता कोण हाकलणार आहे तुला?"

बरोबर आहे तिचं. कागद आला त्या दिवशी मी प्रेसिडेंटकडे जायला निघालोही होतो. पण दारात पोचल्यावर त्याने मला गाडी दाखवायला मागे नेलं. बघ कशी पळतेय, तू हात लावल्यावर. तू शिकलास बघ, म्हणाला. त्याच्या डोक्यात माझ्या हातून एक चूक झाली होती, त्याने ती पोटात घातली होती, आणि मी सुधारलो होतो. बायको गेल्यावर त्याच्याकडे सांगण्यासारखी ही एकच चांगली गोष्ट उरली होती, आणि ती त्याने किती जणांना सांगितली असेल. मी चहा प्यायलो, दोन बिस्किटं खाल्ली आणि ट्रेनने परत आलो.

मी उपकार विसरलेलो नाही. उलट तेच नडतं. ज्याने रोज फोन करून माझ्या आईची चौकशी केली, त्याला तू चुकलास हे मी कोणत्या तोंडाने सांगू? पण त्याने तरी पार्कात मला का विचारलं नाही, की बाबा, तुझ्या मिस्त्रीने बाण पुढे हवा असं का सांगितलं असेल, चल दोघं मिळून शोधू. त्याने मला तांदूळ दिला, फोन दिले, शेजारची सीट दिली. चूक दाखवायचा हक्क तेवढा दिला नाही. आणि मी मागितलाही नाही, हेही लिहून ठेवतो.

दर डिसेंबरला त्याचं कार्ड येतं. यंदाच्या कार्डावर त्याच्या गाडीचा फोटो आहे, नदीकाठचा, आणि आत त्याच्या थरथरत्या अक्षरात लिहिलंय, की त्या दिवसाबद्दल मनात काही नाही बरं का, कधीच नव्हतं. बायकोने ते टेबलावर ठेवलं. मुलगी आता अकराची झाली, तिने ते उचलून मोठ्याने वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

"डॅड, व्हॉट डिड यू डू?"

बायको स्वयंपाकघरात थांबून ऐकत होती.

"नट सैल राहिला होता," मी म्हणालो. "माझ्या हातून."